गोळी बंद करायला सांगितली कुणी?

उच्च रक्तदाबाचा रुग्ण आपली गोळी केव्हा बंद करतो? उत्तर चमत्कारिक आहे, पण खरे आहे. गोळीचा गुण आला की बंद करतो. ताप, जुलाब, खोकला यांची औषधे दुखणे गेले की थांबवायची असतात, हे आपण लहानपणापासून पाहात आलो आहोत. तोच हिशोब रक्तदाबाला लावला जातो. हिवरा आश्रमात माझा दवाखाना सुरू होऊन 28 वर्षे झाली. या काळात औषधे बदलली, तपासण्याची यंत्रे बदलली, पण एक वाक्य मी जवळजवळ दर आठवड्याला ऐकत आलो आहे. "डॉक्टर साहेब, परवा मेहकरात तपासलं तं बीपी नॉर्मल निघालं. मंग आता गोळी काहून घ्यायची?"

विचारणाऱ्याला हसण्याचे कारण नाही. त्याचा तर्क सरळ आहे. ज्याने तपासले त्याने 'नॉर्मल' एवढाच शब्द सांगितला. 'गोळी चालू आहे म्हणून नॉर्मल' हे पूर्ण वाक्य त्याला कुणी ऐकवले नाही. आपल्या भागात रक्तदाबाच्या उपचारांचे जे मातेरे होते, त्यातले बरेचसे या अर्ध्या वाक्यामुळे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

चष्मा लावला की अक्षरे दिसतात. म्हणून डोळे बरे झाले असे समजून कुणी चष्मा विहिरीत टाकत नाही. रक्तदाबाच्या गोळीचे काम याच जातीचे आहे. बहुतेक रुग्णांत रक्तदाब वाढण्याचे एकच एक असे कारण सापडत नाही. वय, आनुवंशिकता, मीठ, वजन, तंबाखू, दारू, झोप, काळजी अशा अनेक गोष्टी मिळून रक्तवाहिन्या कडक होतात. गोळी त्या वाहिन्या सैल ठेवते किंवा शरीरातले जादा मीठ-पाणी लघवीवाटे काढते. गोळी आहे तोवर हे काम चालते. गोळी थांबली की काम थांबते आणि रक्तदाब हळूहळू पूर्वपदावर जातो. वजन उतरले, मीठ कमी झाले, व्यसन सुटले तर काहींची गोळी कमी करता येते, क्वचित बंदही करता येते. परंतु ते महिनोन्‌महिने मोजमाप करून, डॉक्टरने ठरवून. लग्नाच्या मांडवात व्याह्याने सांगितले म्हणून नव्हे.

मांडवाचा उल्लेख मी उगाच केलेला नाही. जवळच्या एका खेड्यातील शेतकरी, वय बावन्न, तीन वर्षे नेमाने एक गोळी घेत होते. रक्तदाब 130/80 च्या आसपास राहात असे. उन्हाळ्यात एका लग्नात कुणीतरी त्यांना सांगितले की या गोळीची शरीराला सवय लागते, मग ती जन्मभर सुटत नाही, आणि वर किडनी खराब होते. त्यांनी गोळी सोडली. काही झाले नाही. डोके दुखले नाही, चक्कर आली नाही, कामाला हुशारी पूर्वीसारखीच होती. त्यामुळे सांगणाऱ्याचे खरे ठरले. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन काढणी चालू असताना ते खळ्यातच खाली बसले. उजवा हात-पाय गेला, वाचा गेली. मेहकरहून त्यांना पुढे औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला नेले. जीव वाचला. आज ते काठीच्या आधाराने ओट्यापर्यंत येतात, बोलणे घरच्यांनाच कळते, आणि पाणी द्यायला रात्रीची पत्नी जाते. उपचारासाठी एक एकर विकावे लागले. जी गोळी त्यांनी सोडली ती दिवसाला एका कपभर चहापेक्षा स्वस्त होती.

गोळी सोडल्यावर काही झाले नाही, ही या हकिगतीतली सर्वांत फसवी गोष्ट आहे. ती थोडी समजून घेऊ. आपल्याकडे रक्तदाबासाठी सर्वांत जास्त दिली जाणारी गोळी म्हणजे अ‍ॅम्लोडिपिन. ही संथ गोळी आहे. पोटात गेलेल्या औषधाचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायलाच 30 ते 50 तास लागतात. म्हणजे सोमवारी गोळी बंद केली तर बुधवारी सुद्धा रक्तात औषध शिल्लक असते आणि मशीनवर आकडा चांगला येतो. रुग्णाला वाटते, बघा, गोळीवाचून चालले. पुढच्या आठवडा-दोन आठवड्यांत आकडा चढतो, तेव्हा तो तपासायला जात नाही, कारण त्याला काही होत नसते. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही. डोके जड झाले म्हणजे बीपी वाढले आणि हलके वाटले म्हणजे उतरले, हा समज सोडावा लागेल. 180 चा रक्तदाब घेऊन निंदण करणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत आणि 120 असताना डोके धरून बसलेलेही पाहिले आहेत.

हाच संथपणा सुरुवातीलाही लक्षात ठेवावा. अ‍ॅम्लोडिपिनचा पूर्ण परिणाम यायला आठवडाभर आणि कधी त्याहून जास्त वेळ लागतो. दोन दिवसांत आकडा उतरला नाही म्हणून डॉक्टर बदलणारे पुष्कळ आहेत. दुसरा डॉक्टर दुसरी गोळी देतो, तिसऱ्या दिवशी तिसरा. शेवटी सगळ्यांचा परिणाम एकदम येतो आणि रुग्ण भोवळ येऊन पडतो.

सर्वच गोळ्या मात्र अशा संथ नाहीत. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या गटातली गोळी एकाएकी बंद केली तर नाडी व रक्तदाब उसळतात, आणि ज्याला हृदयविकार आहे त्याला छातीत कळ येऊ शकते. क्लोनिडिन नावाच्या गोळीत तर एक-दोन दिवसांतच रक्तदाब पहिल्यापेक्षाही वर जाऊ शकतो. अशा गोळ्या थांबवायच्या झाल्यास पायरी-पायरीने कमी कराव्या लागतात. आपली गोळी कोणत्या गटातली आहे हे रुग्णाला ठाऊक नसते, म्हणून कोणतीच गोळी स्वतःहून एकदम सोडू नये.

'सवय लागते' याविषयी एवढेच सांगतो की दारू-तंबाखूची सवय लागते तशी या गोळ्यांची लागत नाही. गोळी जन्मभर लागते कारण आजार जन्मभराचा आहे. आणि किडनीचे म्हणाल तर ती खराब होते वर्षानुवर्षे वाढलेल्या रक्तदाबाने आणि मधुमेहाने. दहा वर्षे रक्तदाबाकडे दुर्लक्ष केलेला रुग्ण अकराव्या वर्षी गोळी सुरू करतो, बाराव्या वर्षी क्रिएटिनिन वाढलेले सापडते आणि आळ गोळीवर येतो.

या गोळ्या नव्हत्या तेव्हा काय होते हेही ठाऊक असावे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूतील रक्तस्रावाने गेले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब 300/190 नोंदला गेला होता. तो कित्येक वर्षे वाढत होता, डॉक्टरांना दिसत होता, पण जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या प्रमुखालाही देण्यासारखी चांगली गोळी नव्हती. त्यानंतर चारच वर्षांनी, 1949 मध्ये, मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या आपल्याकडच्या वनस्पतीचा रक्तदाबावरील परिणाम पन्नास रुग्णांत पद्धतशीरपणे तपासून ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला. जगाचे लक्ष या मुळीकडे गेले ते त्यामुळे. 1952 मध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि 1957 मध्ये डॉ. वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे 1967 मध्ये अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एक अभ्यास झाला. खालचा रक्तदाब 115 ते 129 असलेल्या 143 पुरुषांपैकी निम्म्यांना खरी औषधे दिली, त्यात रेसर्पिनही होते, आणि निम्म्यांना नुसत्या औषधविरहित गोळ्या. सुमारे दीड वर्षात औषध नसलेल्या गटात 27 जणांना गंभीर गुंतागुंत झाली. औषध घेणाऱ्यांत दोघांना. रक्तदाब औषधाने उतरवला तर लकवा व हृदयाचे विकार टळतात याचा हा पहिला ठोस पुरावा, आणि त्यात मुंबईच्या एका डॉक्टरच्या कामाचा अंश होता.

सर्पगंधेचे नाव निघाले म्हणून सांगतो. झाडपाल्याचे आहे म्हणून तिचे चूर्ण निर्धोक, असे समजून चालू गोळीच्या जोडीने ते घेणारे लोक आहेत. ते औषध आहे, आणि औषधासारखेच वागते. नाक चोंदते, नाडी मंदावते, काहींचे मन अतिशय खिन्न होते. ही खिन्नता इतकी वाईट असू शकते की त्या कारणानेच रेसर्पिन मागे पडले. घ्यायचे तर ते आपल्या डॉक्टरला सांगून.

आता आपल्या राज्यातले उदाहरण पाहू. नोव्हेंबर 2017 मध्ये केंद्र सरकार, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, राज्य सरकारे आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यात सातारा, सिंधुदुर्ग आणि आपल्या विदर्भातील वर्धा व भंडारा हे चार जिल्हे होते. या कार्यक्रमात नवे असे औषध एकही नव्हते. त्याच जुन्या, स्वस्त गोळ्या. फरक पद्धतीत होता. कोणत्या रुग्णाला आधी कोणती गोळी, उतरला नाही तर पुढची कोणती, हे सर्व दवाखान्यांना ठरवून दिले. औषध दोन-चार दिवसांचे न देता महिन्याचे दिले. प्रत्येकाची नोंद ठेवली आणि जो तारखेला आला नाही त्याला फोन केला किंवा कुणीतरी घरी गेले. 2022 मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला आणि कार्यक्रम पुढे अनेक जिल्ह्यांत वाढत गेला. तिथेही सर्वांत चिवट अडचण हीच होती की रुग्ण परत येत नाही.

माझे म्हणणे असे की हे काम केवळ सरकारी केंद्राचे नाही. आम्हा खाजगी डॉक्टरांकडे येणाऱ्या रुग्णाचीही अशीच नोंदवही असायला हवी आणि न येणाऱ्याला निरोप जायला हवा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात 15 वर्षांवरील 21 टक्के स्त्रिया व 24 टक्के पुरुष यांचा रक्तदाब वाढलेला आहे किंवा ते त्यासाठी औषध घेत आहेत. एवढ्या लोकांना तालुक्याच्या गावी धाडत बसणे शक्य नाही. आशाताई, उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि गावातला डॉक्टर यांनीच हे सांभाळायचे आहे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. खर्चामुळे ज्यांची गोळी सुटते त्यांनी हा मार्ग जरूर धरावा. त्यात कमीपणा काही नाही.

आता गोळीच्या नावाविषयी. हा विषय मला फार जिव्हाळ्याचा आहे, कारण यात होणारी गफलत पूर्णपणे टाळता येण्याजोगी आहे. एक आजी महिनाभर पायाला सूज आणि उठताना अंधारी येते म्हणून आल्या. पिशवीत दोन प्रकारच्या गोळ्या. एक गावच्या मेडिकलमधली, दुसरी मुलाकडे पुण्याला गेल्या असताना तिथल्या डॉक्टरांनी दिलेली. दोन्हींची मोठ्या अक्षरातली नावे वेगळी, रंग वेगळे. खाली बारीक अक्षरात दोन्हींवर एकच औषध, अ‍ॅम्लोडिपिन. आजी इमानाने दुप्पट औषध घेत होत्या. एक बंद केल्यावर सूज दहा-बारा दिवसांत ओसरली. कंपनीचे नाव म्हणजे औषधाचे नाव नव्हे. त्यातून हल्ली एकाच गोळीत दोन-तीन औषधे असतात. नावापुढे एएम, एच, सीटी अशी अक्षरे लागली की आत आणखी एक औषध आहे असे समजावे. मेडिकलवाल्याने 'हीच गोळी, फक्त कंपनी वेगळी' म्हणून दिले, तर औषधाचे बारीक अक्षरातले नाव व मिलिग्रॅमचा आकडा जुन्या पत्त्याशी ताडून पाहावा. स्वतःला वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाकडून वाचून घ्यावे.

यासाठी पत्ता शाबूत हवा. पाच गोळ्या मागितल्या की कात्रीने पत्ता कापून देतात. नाव एका तुकड्यावर, मुदतीची तारीख दुसऱ्यावर, आणि रुग्णाच्या हाती नुसती चांदी. माझी गावोगावच्या मेडिकलवाल्या मित्रांना विनंती आहे की रोजच्या गोळ्यांचा पूर्ण पत्ताच द्यावा. आणि आमच्या व्यवसायबंधूंना आठवण करून द्यावीशी वाटते की तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेने 2016 मध्येच औषधाचे मूळ नाव वाचता येईल अशा अक्षरात, शक्यतो मोठ्या लिपीत लिहावे असा नियम केला आहे. चिठ्ठीवरच्या अक्षरांचे विनोद आता पुरे झाले.

गोळी केव्हा घ्यावी, सकाळी की रात्री, असे पुष्कळजण विचारतात. ब्रिटनमध्ये 21 हजारांहून अधिक रुग्णांवर पाच वर्षे झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2022 मध्ये आले. सकाळी घ्या किंवा संध्याकाळी, लकवा व हृदयविकाराच्या बाबतीत फरक पडला नाही. तेव्हा जी वेळ तुमच्या लक्षात राहते ती चांगली. दात घासल्यावर, किंवा देवापुढे दिवा लावताना. लघवी वाढवणारी गोळी असेल तर मात्र सकाळी घ्यावी, नाहीतर झोपमोड होते. सकाळची विसरली तर दुपारी वा संध्याकाळी आठवताच घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवले तर कालची सोडून द्यावी. दोन गोळ्या एकदम कधीही घेऊ नयेत. ज्या गोळीच्या नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल असे काही आहे ती हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. ती कुटून वा चावून खाल्ली तर दिवसभराचे औषध एकदम अंगात जाते.

उपासाच्या दिवशी गोळी चुकते, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र मिळून वर्षाचे दिवस मोजले तर ते थोडे नाहीत. रक्तदाबाच्या बहुतेक गोळ्या उपाशीपोटी पाण्याबरोबर चालतात. पाण्याच्या घोटाने उपास मोडत नाही आणि गोळीनेही मोडत नाही, असे मी माझ्या रुग्णांना सांगतो, आणि कोणत्याही देवाने अद्याप तक्रार केलेली नाही. रोजे धरणाऱ्यांनी सहेरी वा इफ्तारच्या वेळेला गोळी लावून घ्यावी, मात्र रमजान सुरू होण्याआधी डॉक्टरला विचारून. उपासाच्या सैंधवाविषयी मोठा गैरसमज आहे. सैंधव म्हणजे बीपीला चालणारे मीठ असे धरून साबुदाण्यात ते सढळ हाताने घातले जाते. ते मीठच आहे, त्यात सोडियमच आहे. आणि बाजारात मिळणारे 'कमी सोडियमचे' मीठ पोटॅशियमचे असते. टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असलेल्यांनी किंवा किडनी अधू असलेल्यांनी ते विचारल्याशिवाय घेऊ नये, रक्तातले पोटॅशियम धोकादायकरीत्या वाढू शकते.

आषाढीला शेगावहून संत गजानन महाराजांच्या पालखीबरोबर आपल्या जिल्ह्यातले कितीतरी लोक पंढरपूरला पायी जातात. महिनाभराची वाट. पिशवीत ताट, तांब्या, पावसाचे प्लास्टिक सगळे असते, गोळ्या घरी फडताळात राहतात. वारीला, ऊसतोडीला किंवा मुलाकडे पुण्या-मुंबईला निघताना जेवढे दिवस जायचे त्याहून आठवडाभराच्या गोळ्या जास्त घ्याव्यात आणि चिठ्ठीची एक प्रत जवळ ठेवावी. आमच्या गावी जानेवारीत विवेकानंद जन्मोत्सवाला पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद असतो. त्या दिवशी मी रुग्णांना पथ्य सांगत नाही. वर्षातल्या एका पंगतीने रक्तदाब बिघडत नाही. तो बिघडतो रोजच्या ठेच्याने, लोणच्याने, पापड-कुरडयांनी आणि तोंडातल्या तंबाखूने.

रक्तदाबाच्या गोळीचा खरा शत्रू आपल्या घराघरात आहे आणि त्याच्याकडे कुणाचे लक्ष नाही. तो म्हणजे अंगदुखीची गोळी. दिवसभर फवारणी केली, पोती उचलली, की रात्री डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यातली एखादी. महिन्यातून एकदा ठीक. रोज घेतली तर रक्तदाब वाढतो आणि चालू असलेल्या गोळीचा परिणाम कमी होतो. टेल्मिसार्टन किंवा एनालॅप्रिल गटातली गोळी, जोडीला लघवीची गोळी, आणि वर ही दुखण्याची गोळी असे तिन्ही एकत्र आले, त्यात उन्हाने अंगातले पाणी आटलेले असले, तर किडनी काही दिवसांतच बंद पडू शकते. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल त्यामानाने सुरक्षित. सांधेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्यांत कित्येकदा स्टेरॉइड मिसळलेले असते, त्यानेही रक्तदाब चढतो. नाक मोकळे करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या आणि रोज भरपूर खाल्लेला ज्येष्ठमध हेही त्याच यादीतले.

हगवण-उलट्या लागल्या किंवा मे महिन्यात ऊन लागले तर टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल व लघवीच्या गोळ्या एक-दोन दिवस थांबवाव्या लागू शकतात. एरवी गोळी सोडू नका म्हणून कंठशोष करणारा मी इथे उलट सांगतो आहे हे खरे. पण तेही विचारून. फोन करावा, आणि बरे वाटताच पुन्हा केव्हा सुरू करायची ते त्याच वेळी विचारून घ्यावे.

तरुण स्त्रियांच्या बाबतीत एक गोष्ट फार महत्त्वाची. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालॅप्रिल, रॅमिप्रिल या गोळ्या गरोदरपणात पोटातल्या बाळाला अपाय करतात. मूल हवे असेल तर आधीच डॉक्टरला सांगावे म्हणजे गोळी बदलता येते. पाळी चुकल्याचे लक्षात आल्यास त्याच दिवशी दाखवावे. नुसती गोळी बंद करून घरी बसू नये, कारण गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब आई व बाळ दोघांच्याही जिवावर बेततो.

त्रास झाला तर बोलावे. अ‍ॅम्लोडिपिनने घोट्यावर सूज येते, ती किडनीची नसते. मात्रा कमी करून किंवा दुसरे औषध जोडून ती जाते. एनालॅप्रिल, रॅमिप्रिलने काहींना कोरडा खोकला लागतो. खोकल्याच्या औषधाच्या चार बाटल्या संपतात तरी तो जात नाही, आणि गोळी बदलली की काही आठवड्यांत थांबतो. बाजेवरून उठताना अंधारी येत असेल तर आधी बसावे, मग उभे राहावे, आणि डॉक्टरला उभ्याने रक्तदाब मोजायला सांगावे. प्रत्येक त्रासावर दुसरी गोळी उपलब्ध आहे. गुपचूप बंद करणाऱ्याला मात्र मदत करता येत नाही.

जिभेखालच्या गोळीचा प्रघात अजून पूर्ण गेलेला नाही. पूर्वी बीपी 200 दिसले की निफेडिपिनची कॅप्सूल टोचून जिभेखाली पिळत. आकडा झरझर उतरायचा, नातेवाईक खूश व्हायचे. त्या एकदम उतरण्याने मेंदू व हृदयाचा रक्तपुरवठा तुटून लकवा व हृदयविकाराचे झटके आल्याच्या नोंदी 1996 मध्ये अमेरिकेत एकत्र प्रसिद्ध झाल्या आणि ही पद्धत सोडा असे तज्ज्ञांनी बजावले. नुसता आकडा वाढलेला असेल आणि बाकी त्रास नसेल तर तो तासाभरात उतरवण्याची घाई नसते. तोंड वाकडे झाले, बोबडी वळली, एका बाजूची शक्ती गेली, छातीत कळ आली किंवा दम लागला तर मात्र घरी कोणतीही गोळी न देता 108 ला फोन करावा. लकव्यात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि इथून मोठ्या रुग्णालयात पोचायलाच त्यातला बराच वेळ जातो.

ज्यांनी हे वाचण्याआधीच गोळी सोडलेली आहे त्यांनी जुना पत्ता शोधून आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नये. जवळच्या केंद्रात जाऊन मोजून घ्यावे. जाण्याआधी अर्धा तास चहा व तंबाखू नको. लघवी करून यावे, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, पाय जमिनीवर आणि हात टेबलावर. येताना घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून आणाव्यात, दुखण्याच्या, झोपेच्या आणि पुड्यासुद्धा. आणि ज्यांची गोळी चालू आहे त्यांनी तपासणीच्या दिवशी ती घेऊनच यावे. 'बीपी पाहायचं होतं म्हणून आज घेतली नाही' असे सांगणाऱ्याचा त्या दिवशीचा आकडा माझ्या काहीच उपयोगाचा नसतो.